मारव्यासाठी भेंडी बाजार

काही वस्तू घरात अशा असतात, की त्या वापरताही येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. आमच्या घरी अशी एक पत्र्याची पेटी आहे. तीर्थरूपांनी आयुष्यभर जमविलेल्या ध्वनिमुद्रिका तीत आहेत. एकसष्ट मोठ्या तबकड्या, म्हणजे ज्यांना आपण एल.पी. म्हणतो त्या, काही लहान, पंचेचाळीस फेऱ्यांच्या, आणि अगदी तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नऊ लाखेच्या. इंदुरातील रामबागेचा वाडा आम्ही १९९८ साली सोडला, तेव्हा दिवाणखान्यातला रेडिओग्राम कबाड्याच्या हातगाडीवर चढला. नव्या घराच्या जिन्यातून तो वळणारच नव्हता. पेटी मात्र आईने सोडली नाही. “पत्र्याची आहे, वाळवी लागायची नाही,” एवढेच ती म्हणाली, आणि पेटी पलंगाखाली गेली. त्यानंतर कितीतरी वर्षे तिचा उपयोग उशा-पांघरुणे टेकविण्यापलीकडे झाला नाही.

आई आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. दृष्टी अंधुक झाल्यापासून तिचे वाचन सुटले. वर्तमानपत्र आम्ही वाचून दाखवितो, पोथी सौ. वाचते, पण दिवस फार मोठा असतो. गेल्या वर्षी दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी आजीची करमणूक व्हावी म्हणून भ्रमणध्वनीवर उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा लावून दिला. १९६० साली निघालेली ती प्रसिद्ध तबकडी : एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. आईने डोळे मिटून सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, “छान आहे रे. पण आपला मारवा हा नव्हे.”

चिरंजीवांनी समजाविले की, आजी, हे तेच गाणे आहे, तेच ध्वनिमुद्रण आहे. आई काही बोलली नाही. आम्ही मात्र बसल्या जागी अस्वस्थ झालो. कारण ‘आपला मारवा’ म्हणजे काय, हे त्या खोलीत तिच्याखेरीज आम्हालाच ठाऊक होते.

सन १९७२ मधील गोष्ट. आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतो. वडील कचेरीत गेलेले असताना एक तान पुन्हा ऐकावी म्हणून आम्ही रेडिओग्रामची सुई उचलून मागे नेऊ लागलो. हात थरथरला, सुई तबकडीवर आडवी घसरली, आणि तिच्यावर केसासारखा एक ओरखडा उमटला. पुढे त्या ठिकाणी आले की सुई उडी मारू लागली. शेजारच्या एका थोराड मित्राने उपाय सांगितला, सुईच्या डोक्यावर नाणे ठेव. आम्ही पंचवीस पैशांचे नाणे ठेवले. उडी थांबली. आमची चोरी लपली असे वाटून आम्ही तेच नाणे ठेवून ती बाजू पुन्हा पुन्हा वाजविली. त्या भाराने आपण खाचेचे नांगरट करीत आहोत, हे कळण्याचे ते वय नव्हते. संध्याकाळी वडिलांनी तबकडी लावली, ‘टिक्, टिक्’ ऐकले, आणि कपाळाला आठीही न घालता शेवटपर्यंत ऐकत बसले. त्यांनी विचारले नाही. आम्ही सांगितले नाही. पुढे वीस वर्षे त्या घरात मारवा टिक्‌टिकीसह वाजला.

तेव्हा ठरविले की, पेटीतली तीच तबकडी आईला ऐकवायची. ती वाजण्याजोगी उरली आहे किंवा कसे, याची मनात धास्ती होतीच.

पहिला प्रयत्न फसला, तोही सांगितला पाहिजे. गावातल्या एका दुकानातून आम्ही सूटकेसच्या आकाराचे एक नवे, देखणे यंत्र आणले. निळे कातडी आवरण, आतच बसविलेले दोन इवलेसे कर्णे, किंमत बेताची. पहिलीच तबकडी त्यावर डगमगली. आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. पुढे कळले की, अशा यंत्रांत बहुधा सिरॅमिक जातीचे स्वस्त काट्रिज असते, ते तबकडीवर पाच-सहा ग्रॅमचा भार टाकते आणि तो भार कमी करण्याची सोयच नसते. म्हणजे आम्ही १९७२ साली नाणे ठेवून जे केले, ते हे यंत्र जन्मतःच करीत होते! पेटीतली तबकडी त्यावर ठेवण्याचे धैर्य आम्हास झाले नाही. यंत्र भाच्याला दिले. तो त्यावर फुलदाणी ठेवतो.

नवे, बऱ्यापैकी यंत्र मिळत नाही असे नाही. ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीचे एलपी-६० एक्स नावाचे पट्ट्यावर चालणारे यंत्र आता आपल्याकडेही मिळते. बटण दाबताच त्याचा हात आपोआप उचलून तबकडीवर उतरतो, आणि ज्यांना फार खटपट नको त्यांना ते पुरेसे आहे. पण त्याच्या सुईचा भारही कारखान्यातच ठरलेला. मागेपुढे करता येत नाही. आम्हास जखमी तबकडी वाजवायची होती. भार आपल्या हाताने गुंजागुंजाने कमी-जास्त करता येईल असे यंत्र हवे होते आणि खिसा पंधरा हजारांच्या आत होता. जाणत्यांनी एकमुखाने सांगितले, “मुंबईस जा. चोर बाजार पाहा.”

संध्याकाळच्या अवंतिका एक्सप्रेसने आम्ही उभयता निघालो. उज्जैन, नागदा, रतलाम अशी ओळखीची स्थानके मागे टाकीत गाडी रात्रीच्या अंधारात गुजरातेत उतरली आणि सकाळी मुंबई सेंट्रलला पोहोचलो. वार मुद्दाम शनिवार धरला होता. चोर बाजारास जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की, मटण स्ट्रीटवरील दुकाने शुक्रवारी बंद असतात; त्या दिवशी पहाटे भरतो तो पदपथावरचा निराळा बाजार, आणि त्यात जुन्या जोड्यांपासून नळाच्या तोट्यांपर्यंत सारे असते.

ग्रँट रोडच्या पूर्वेस मौलाना शौकत अली मार्गाने दो टाकीकडे निघाले की रस्त्याचा नूर पालटू लागतो. इमारती लाकडी सज्जांच्या, खाली लोखंडाची नि मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने, मधूनच बेकरीतून येणारा गरम पावाचा वास. मटण स्ट्रीटला वळलो आणि सौ. एकदम थांबली. समोर एका दुकानात छताला शेपन्नास हंड्या-झुंबरे टांगलेली होती. खाली पितळी होकायंत्रे, आगबोटीचे दिवे, मोडक्या आरामखुर्च्या, चिनी मातीच्या बरण्या, जुन्या चित्रपटांची भित्तिपत्रके आणि यांच्या मधोमध एक संगमरवरी परी, जिचे नाक कुणीतरी कधीतरी फोडले होते. “आपल्या वाड्यातलं सामानही इथंच आलं असेल का हो?” सौ. म्हणाली. थट्टेने म्हणाली, पण त्यानंतर प्रत्येक दुकानात आमची नजर न कळत आमचा रेडिओग्राम शोधू लागली.

या बाजाराचे मूळ नाव ‘शोर बाजार’, म्हणजे गलबल्याचा बाजार, आणि साहेबांच्या जिभेवर ‘शोर’चा ‘चोर’ झाला, अशी एक कथा सांगतात. पलीकडच्या भेंडी बाजाराच्या नावाविषयीही तसेच; कुणी म्हणतात क्रॉफर्ड मार्केटच्या ‘बिहाइंड’चा, म्हणजे मागचा, बाजार तो भेंडी बाजार, तर कुणी म्हणतात तिथे भेंडीची झाडे होती. दोन्हींतली झाडांची कथा आम्हास अधिक आवडली. पण त्या गल्लीत आज दोन्ही कथांपैकी गलबला तेवढा ऐकू येतो.

नवख्याला येथे पहिला मोह पडतो तो कर्ण्याच्या ग्रामोफोनचा. झळझळीत पितळी कर्णा, अष्टकोनी पेटी, वर कुत्र्याचे चित्र. सौ.चेही पाऊल तिथे अडखळले. पण या चकचकीत यंत्रांतील पुष्कळशी अलीकडे जुळवून केलेली असतात. जुन्या सुट्या भागांवर नवे पितळ चढवायचे आणि ‘आजोबांच्या काळचे’ म्हणून विकायचे. शोभेस ती ठीक. पण त्यांच्या जाडजूड सुईखाली एल.पी. ठेवणे म्हणजे तिचा वध करणे होय. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला सुमारे तीन मिलची, म्हणजे इंचाच्या तीन सहस्रांशांची, बोथट सुई लागते, एल.पी.ची खाच अतिसूक्ष्म, तिला एक मिलहूनही बारीक टोक लागते. एकीच्या सुईने दुसरी वाजवू नये, हा या शास्त्रातला पहिला धडा.

खरी टर्नटेबले आतल्या अंगाला, मांडणीच्या खालच्या फळ्यांवर धूळ खात होती. गॅरार्ड आणि बी.एस.आर. या विलायती बनावटीचे चेंजर, एकेकाळी आपल्याकडील कितीक रेडिओग्रामच्या पोटात असत ते. एच.एम.व्ही.चे प्लॅस्टिकचे ‘फिएस्टा’, ज्याच्यावर आमच्या पिढीने गच्चीवर गाणी ऐकली. फिलिप्सची यंत्रे. आणि जपानहून, अमेरिकेहून भंगारात आलेली बरीच.

एका वयस्क दुकानदाराने आम्हास बाकावर बसविले, चहा मागविला आणि एक अमेरिकन यंत्र काढले. शिसवी रंगाची पेटी, काचेसारखे झाकण, किंमत सहा हजार. आमच्या मनात ते भरले. त्यांनी एक जुनी चित्रपटगीतांची तबकडी लावली. गाणे सुरू झाले आणि आम्ही तिघेही एकमेकांकडे पाहू लागलो. लतादीदींचा आवाज एखाद्या पोक्त पुरुषाचा वाटत होता, आणि ठेका तर झोपेतून उठल्यासारखा. दुकानदारांनी यंत्र उलटे करून तळाची पट्टी वाचली आणि स्वतःच हसत म्हणाले, “साठ सायकल का है साहब. ये आपके काम का नहीं.”

हा मुद्दा स्वस्त यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडील विजेची वारंवारता सेकंदास ५० आवर्तनांची. अमेरिकेत ती ६० असते. जुन्या यंत्रातील मोटार विजेच्या या आवर्तनांच्या तालावर फिरते. ६० आवर्तनांसाठी घडविलेली कप्पी ५० वर लावली, की मिनिटास ३३⅓ ऐवजी जेमतेम पावणेअठ्ठावीस फेरे होतात, आणि षड्ज सुमारे तीन अर्धस्वरांनी खाली येतो. काही यंत्रांत कप्पी बदलता येते, सगळ्यांत नाही. शिवाय अमेरिकेतील वीज सुमारे १२० व्होल्टची, जपानची १०० ची. तेव्हा आपल्या २३० वर यंत्र लावण्याआधी ट्रान्सफॉर्मर हवा, नाहीतर धुराखेरीज काही निघायचे नाही. दुकानदारांनी हे आपण होऊन सांगितले, याचे आम्हास फार अप्रूप वाटले. बाजाराचे नाव काही असो, त्या गृहस्थांपाशी चोरी नव्हती.

अखेर त्यांच्याच पुतण्याच्या दुकानात आमचे यंत्र सापडले. जपानी बनावटीचे, पट्ट्यावर चालणारे, मागे व्होल्ट बदलण्याचा खटका असलेले आणि कप्पी ५० आवर्तनांची. आम्ही तपासले ते असे : ताट हाताने फिरविले, ते न डुगडुगता आपल्या वेगाने बराच वेळ फिरत राहिले, सुईचा हात बोटाने हळूच हलविला, त्याच्या सांध्यात खडखड नव्हती, मागचे वजन जागेवर होते आणि ते फिरत होते. रबरी पट्टा मात्र शेवेसारखा तुटला, आणि सुई झिजलेली होती. त्याने घाबरण्याचे कारण नसते. पट्टा आणि सुई या बदलायच्याच वस्तू आहेत. वाकलेला हात अन् हरवलेले वजन मात्र भरून येत नाही. सात हजारांवरून सुरुवात झाली, सौ.ने सूत्रे हाती घेतली, आणि साडेपाच हजारांत सौदा तुटला. सराफ्यात चाळीस वर्षे घासाघीस केलेल्या बाईपुढे मटण स्ट्रीटनेही हात टेकले.

तेथून लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, फार दूर नाही. विजेच्या सुट्या सामानाची ती पेठच. एका माडीवरच्या कारागिराने नवा पट्टा बसविला, दांड्याच्या खोबणीत तेलाचे दोन थेंब सोडले, व्होल्टचा खटका योग्य जागी केला. नवे काट्रिज आम्ही अन्य ठिकाणाहून आणले : ऑडिओ-टेक्निकाचेच, व्हीएम-९५ मालिकेतील, लंबवर्तुळाकार टोकाच्या सुईचे. गोल टोकापेक्षा असे टोक खाचेत अधिक नेमके बसते, म्हणून काही झिजलेल्या तबकड्यांतूनही ते न झिजलेला भाग शोधून काढते, असे आम्हास सांगण्यात आले. आमची सारी आशा त्या टोकावर होती. सारा हिशेब बारा हजारांच्या आत बसला.

गाडीला अवकाश होता. सौ.स खरेदी करायची होती, म्हणून आम्ही यंत्र कारागिराकडेच ठेवून भेंडी बाजारात भटकलो. २००९ पासून या भागाच्या पुनर्विकासाचे काम हाती घेण्यात आले आहे. जुन्या चाळी पाडून तेथे उंच मनोरे उठू लागले आहेत. एका बाजूला काचेची तावदाने, दुसऱ्या बाजूला टेकू दिलेले लाकडी सज्जे. चालता चालता आम्हास जे आठवले, त्याने पाय जरा थबकले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरादाबादकडून छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू मुंबईत येऊन याच वस्तीत राहिले. त्यांच्या गायकीस पुढे वस्तीचेच नाव पडले, भेंडीबाजार घराणे. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर या नजीर खाँसाहेबांच्या शिष्या. छज्जू खाँसाहेबांचे पुत्र अमान अली खाँ. त्यांच्यापाशी लतादीदींनी तालीम घेतली, आणि लतादीदींचा जन्म १९२९ सालचा, आमच्या इंदुरातला. आणि आमचे अमीर खाँसाहेब! त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारी सारंगिये. इंदुरात वाढलेल्या या गवयाने देवासच्या रजब अली खाँसाहेबांची तान ऐकली, किराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांची संथ आलापी ऐकली, आणि तिसरा प्रभाव घेतला तो याच भेंडी बाजारातील अमान अली खाँसाहेबांचा. मेरुखंड, म्हणजे स्वरांच्या क्रमांची शिस्तबद्ध उलटापालट, हे या घराण्याचे मोठे धन. सात स्वर घेतले, तर त्यांच्या मांडण्या ५०४० होतात. त्या गणितातून अमीर खाँसाहेबांनी गणित पुसून टाकले आणि शांतता तेवढी ठेवली. १९७४ च्या फेब्रुवारीत कलकत्त्यास मोटार अपघातात ते गेले, त्या दिवशी वडील जेवले नव्हते, हे आम्हास स्पष्ट आठवते.

इंदूरचा मारवा ऐकण्यासाठी मुंबईस यावे लागले, याची सकाळपासून आम्हास किंचित लाज वाटत होती. संध्याकाळी ती उरली नाही. त्या मारव्याचा एक धागा या गल्लीतूनच आमच्या गावी गेला होता. आम्ही उलट वाटेने आलो होतो, इतकेच.

परतीच्या प्रवासात सुईचा हात दोऱ्याने बांधला, ताट आणि मागचे वजन काढून कपड्यांत गुंडाळले, आणि यंत्र खालच्या बाकावर सौ.च्या उशाशी झोपले. हलवाहलवीत ताट जागेवर ठेवले तर दांडा वाकतो व मोकळा सुटलेला हात मोडतो, म्हणून ही काळजी.

घरी आल्यावर दोन दिवस जुळवाजुळवीत गेले. आमच्या वाचकांपैकी कुणास उपयोगी पडेल म्हणून क्रम सांगतो. यंत्र प्रथम सपाट बसले पाहिजे. शेजारी बांधकाम चालू होते, तेथील गवंड्याची पाणसळ मागून आणली आणि ताटावर दोन्ही दिशांनी ठेवून पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकविले. यंत्र कर्ण्यांच्या फळीवर ठेवू नये, त्यांचा कंप सुईत शिरतो. आम्ही ते भिंतीतल्या कडाप्प्यावर ठेवले. मग काट्रिज. त्याच्या चार तारा रंगाप्रमाणे जोडायच्या, चिमट्याने आणि श्वास रोखून. छापील कोनमापक कागद ताटावर ठेवून सुईचे टोक दोन्ही खुणांवर खाचेस समांतर बसेपर्यंत काट्रिज मागेपुढे करायचे.

त्यानंतर भार. मागचे वजन फिरवून आधी हात तराजूच्या दांडीसारखा अधांतरी तरंगू द्यायचा. तेथे शून्य धरायचे, आणि मग वजन पुढे घेऊन हवा तेवढा भार द्यायचा. आमच्या सुईस दोन ग्रॅम सांगितलेले. यंत्रावरील आकडे जुने, त्यांचा भरवसा नव्हता. तेव्हा सराफ्यातील परिचित सोनाराकडून त्यांचा छोटा काटा एका दिवसाकरिता आणला. सुई काट्यावर उतरविली : २.३. वजन किंचित मागे : २.१. आणखी किंचित : २.०. ज्या काट्यावर मंगळसूत्राचे मणी तोलले जातात, त्यावर आम्ही मारव्याचा भार तोलला. मग एक विचार मनात आला. देव्हाऱ्याच्या डबीत जुनी नाणी होती. त्यातले पंचवीस पैशांचे काढून त्याच काट्यावर ठेवले. अडीच ग्रॅम. सुईने एकंदर जेवढा भार द्यायला हवा, त्याहून अधिक आम्ही त्या दिवशी वरून लादला होता.

राहिला वेग आणि गुणगुण. वेगासाठी काळ्या-पांढऱ्या रेघांची कागदी चकती मिळते. ३३⅓ फेऱ्यांसाठी आपल्या विजेवर तीत १८० रेघा असतात; विजेच्या साध्या दिव्याखाली त्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. सर्वच एल.ई.डी. दिव्यांखाली हे दिसत नाही, म्हणून आम्ही माळ्यावरचा जुना पिवळा बल्ब काढला. कर्ण्यांतून ‘घूंऽ’ असा आवाज येत होता तो यंत्राची अर्थिंगची बारीक तार अॅम्प्लिफायरला जोडताच थांबला. आमच्या १९८० च्या दशकातल्या अॅम्प्लिफायरला ‘फोनो’ लिहिलेली जागा होती, त्यामुळे खर्च वाचला. ती नसेल तर लहानसा फोनो प्रीअॅम्प वेगळा घ्यावा लागतो; सुईचा आवाज मुळात फार क्षीण असतो, शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला व तार चढविलेला असतो, तो हा डबा पूर्ववत करतो.

तबकड्या स्वच्छ करताना काळजी घ्यावी. एल.पी.स ऊर्ध्वपातित पाणी, साबणाचा थेंबभर अंश आणि मऊ फडके, तेही खाचेच्या दिशेने. लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट कदापि लावू नये, लाख विरघळते. आमच्या नऊ लाखेच्या तबकड्या पुसून पुन्हा पेटीत उभ्या ठेवल्या आहेत. या यंत्रास ७८ चा वेग नाही, त्यांची पाळी अजून यायची आहे.

मारवा संधिप्रकाशाचा राग. त्या दिवशी सूर्य कलल्यावर आईला खुर्चीत बसविले. काही सांगितले नाही. तबकडी ठेवली, खटका हळूच खाली केला. प्रथम ती जुनी खसखस, मग तानपुरे, आणि मग तो आवाज, खालून, अगदी खालून, जमिनीतून ओलावा वर यावा तसा. आई काही बोलली नाही. आमचे लक्ष गाण्यात नव्हतेच. आम्ही त्या जागेची वाट पाहत होतो.

जागा आली. टिक्. सुमारे पावणेदोन सेकंदांनी पुन्हा टिक्. तबकडीचा एक फेरा तेवढ्याच वेळात पुरा होतो. झुमऱ्याच्या त्या संथ लयीत तो आवाज कधी मात्रेच्या आधी पडे, कधी मागे. सुई उडाली नाही. खाच खरवडली होती, आवाजाला तेथे जरा करकर होती, पण ती पार बुजलेली नव्हती. काही फेऱ्यांनंतर टिक्‌टिक् मागे पडली आणि गाणे पुढे गेले. आमच्या हाताच्या मुठी कधी आवळल्या गेल्या होत्या, ते सौ.ने हात धरला तेव्हा कळले.

“हाच,” आई म्हणाली.

बाजू संपली. हात उचलून ठेवताना आम्ही एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्यापाशी कबूल केले की, आई, तो ओरखडा माझा.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “ह्यांनाही ठाऊक होतं. नाणं सुईवरच राहिलं होतं रे तुझं. त्यांनी ते काढून देवाच्या डबीत टाकलं.” आणि थोड्या वेळाने, जरा अधीरपणे, “दरबारी लाव ना. ती बाजू चांगली आहे.”

आम्ही तबकडी उलटली.

आता रोज संध्याकाळी एक बाजू लागते. चिरंजीवांचे मित्र येऊन यंत्र पाहतात, झाकणाखाली फिरणाऱ्या ताटाकडे टक लावून बसतात. इंदुरापासून जवळच, पिगडंबर येथे, सुमन चौरसिया यांनी लतादीदींच्या नावाने उभारलेले ग्रामोफोन तबकड्यांचे संग्रहालय आहे. सुट्टीत मुलांना तेथे न्यायचे ठरले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पलंगाखाली, माळ्यावर, अशी एखादी पेटी असेल. कबाड्याला हाक मारण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहावी, एवढीच विनंती. तबकड्या आडव्या रचलेल्या असल्या तर आधी उभ्या करून ठेवाव्यात. आडव्या भाराने त्या वाकतात. बाकीचे सवडीने करता येते.

देव्हाऱ्यातली डबी आम्ही त्या रात्री पुन्हा जागेवर ठेवली. नाणेही तिच्यातच ठेवले.